पाणी सगळ्यांत शेवटी

मला आता बोलू द्या. पाच महिने माझ्या तोंडाला कुलूप होतं, आणि तेवढ्या दिवसांत आमच्या घरी जो आला तो बोलून गेला. एकानं सांगितलं, "शेषेराव गेल्यात जमा हाय." दुसरा माझ्याच उशाशी बसून माझ्या दहाव्याला कोणता आचारी सांगावा ते ठरवून गेला. सगळं ऐकू येत होतं बरं का! लकवा जिभेला मारला होता, कानाला नाही.

मी उमरीजवळच्या खेड्यातला. घरची शेती, दोन वेळा ग्रामपंचायतीत मेंबर, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर गावातली कुत्री उठायची. एके दिवशी सकाळी दात घासताना उजवा हात गळाला, ब्रश खाली पडला. पोराला हाक मारायला गेलो तर तोंडातून नुस्ती लाळ आली. सुदर्शननं, माझ्या पोरानं, गाडीत घालून नांदेडला नेलं. अठरा दिवसांनी परत आलो तेव्हा उजवं अंग लाकूड, जीभ मुकी आणि नाकात नळी. गिळायची ताकदच गेली होती. पाणी, पेज, औषध, सगळं त्या नळीतून पोटात जायचं. बायको जाऊन चार वर्षं झालीत. सून आरती गुणाची आहे, पण तिनं माझं ढुंगण धुवायचं म्हणजे तिलाही मेल्याहून मेल्यासारखं आणि मलाही. म्हणून सुदर्शननं बाई शोधली.

ती बाई म्हणजे धम्मप्रिया. गोष्ट तिची सांगायची आहे, माझं गाऱ्हाणं बस झालं.

भोकरची पोरगी, वय सव्वीस-सत्तावीस, अंगानं काडी. हिच्यानं काय हा बैल हलायचा, असं मला वाटलं. रोज सकाळी आठच्या आत हजर, संध्याकाळी सहाला परत. पहिल्या दिवशी आली, चप्पल काढली आणि कोणी बस म्हणायच्या आत विचारलं, "ताई, हात धुवायला कुठं हाय?" साबण लावून, बोटांच्या मधून, अंगठ्याभोवती, नखाखाली, अशी किती वेळ घासत बसली की आरतीला वाटलं पोरीच्या हाताला डांबर लागलंय.

मग चहा आला. कान तुटलेल्या कपात आला. तो कप आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात असतो आणि तिथं तो मीच ठेवलाय, तीस वर्षांपूर्वी. कामाला आलेलं माणूस कोणत्या वस्तीतलं आहे ते बघून तो कप निघायचा. आरतीचा दोष नाही, तिनं घरची रीत म्हणून उचलला. रीत घालणारा मेंबर खाटेवर पडून बघत होता. धम्मप्रियानं कपाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "मी चहा घेत नसते ताई." पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली आणि कामाला लागली. मला लाज वाटली का? खरं सांगतो, त्या दिवशी नाही वाटली. मी नळीच्या दुःखात होतो.

तिची काम करायची तऱ्हा सांगतो. हात लावायच्या आधी ती सांगायची. "काका, आता तुमची कूस बदलते हं." "काका, पाठ पुसते, पाणी कोमट हाय." पाणी आधी आपल्या मनगटावर घालून बघायची. दवाखान्यात मला गव्हाच्या पोत्यासारखं उलथंपालथं करत होते, कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. ही सांगायची. अंग पुसायच्या आधी दोरीवर जुनं लुगडं टाकून आडोसा करायची, जेवढं अंग पुसायचं तेवढंच उघडं, बाकी झाकलेलं. तोंडाचं कापड वेगळं, अंगाचं वेगळं, खालचं वेगळं. तीन कापडांना तीन रंगांचे दोरे बांधले होते. एकदा आरतीनं चुकून खालचं कापड तोंडाच्या कापडांत वाळत घातलं, तर पोरीनं सगळी कापडं परत उकळली. आरती पुटपुटली, "लई मिजास हाय हिची." पुटपुटली, पण परत चुकली नाही.

दर दोन तासांनी कूस. भिंतीवर खडूनं वेळा लिहिल्या होत्या. रात्रीच्या कुशी सुदर्शनकडं. चादरीला सुरकुती दिसली की तिचा जीव वर-खाली व्हायचा. माझ्या माकडहाडावर दवाखान्यातूनच लाल चट्टा आला होता. गावातल्या एकानं सांगितलं, तिथं तेल लावून चांगलं रगडा. ती म्हणाली, "रगडलं की आतून फाटतं दादा. नुस्तं कोरडं ठेवायचं आन् वजन काढायचं." बारा दिवसांत चट्टा गेला.

आणि बोलायची! मुक्या माणसापुढं लोक काहीही बोलतात, पण ही माझ्याशी बोलायची, हा फरक आहे. "एकदा हात दाबला तर हाव, दोनदा दाबला तर न्हाई," असं तिनं दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. डावा हात शाबूत होता माझा. पंखा लावू? एकदा. उशी उंच झाली? दोनदा. पंचायतीत माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं.

काम करता करता तिनं तिची गोष्ट सांगितली. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई पारूबाई सोयाबीन काढायला जाते. ही अकरावीला असताना आजी पडली, मांडीचं हाड मोडलं, आठ महिने अंथरुणावर. "आम्ही जीव लावला काका. पण कूस बदलायची असती हे कोणाला ठाव? पाठीला ही एवढी घळ पडली. शेजारणी म्हणल्या हळद भरा, हळद भरली. राख भरा, राख भरली. वास सुटला. आजी आम्हाला म्हणायची, पोरींनो तिकडं बसा, इकडं येऊ नका. दुखण्यानं गेली न्हाई ती, लाजेनं गेली." हे सांगताना तिचे हात थांबले नाहीत. माझ्या पायाच्या बोटांमधली जागा कोरडी करत होती ती. पुढं नांदेडला आजाऱ्यांच्या सेवेचा सहा महिन्यांचा कोर्स केला, दोन वर्षं एका खाजगी दवाखान्यात कामाला राहिली आणि सोडलं. का? तर तीस पेशंट आणि कूस बदलायला ही एकटी. "कूस बदलायला टाइम न्हाई, तर मी तिथं कशाला हाय?" असं तिथल्या मोठ्या बाईला तोंडावर विचारून आली होती. मला ही पोरगी तिथं आवडली. माझ्यासारखीच तोंडाळ.

तिचा एक नियम मात्र गावाच्या नरड्याखाली उतरेना. तोंडावाटे मला काही द्यायचं नाही. थेंबभर पाणीसुद्धा नाही. नांदेडच्या डॉक्टरनं तेच बजावलं होतं. गिळायची ताकद परत येईल तशी आधी घट्ट खीर, मग जरा पातळ, आणि पाणी सगळ्यांत शेवटी. लोक हसायचे. "आवं, खीर देता आन् पाणी देत न्हाई? उलटंच काय तरी!" त्यांना वाटायचं पाणी सगळ्यांत सोपं. मला विचारा. पाणी पळतं. गिळणारा ढिला असला की ते आपल्या वाटेनं न जाता छातीत शिरतं. घट्ट अन्न सावकाश जातं, माणसाला तयारीला वेळ मिळतो.

आणि आमच्याकडं तर रीत आहे. आजाऱ्याला भेटायला गेलं की आपल्या हातानं दोन चमचे पाणी पाजायचं. नाही पाजलं तर कसला आलाय जिव्हाळा?

दीड महिना झाला आणि शिरूर अनंतपाळहून आक्का आली. सिंधु, माझी थोरली बहीण. जीप करून, भावकीतल्या चार बाया घेऊन. धम्मप्रिया तेव्हा मागच्या अंगणात चादरी धूत होती, आरती चहा ठेवायला आत गेली. आक्कानं माझं तोंड कुरवाळलं, रडली आणि म्हणाली, "बघा गं, भावाचे ओठ कसे वाळून गेलेत. पाण्यावाचून ठेवलंय माझ्या भावाला." मी उताणा. तिनं तांब्या उघडला, चमचा भरला. मी डावा हात दोनदा आपटला, खाटेवर. आक्काला वाटलं भाऊ ओळख देतोय! पहिला चमचा गालातून उशीवर गेला. दुसरा घशापाशी थांबला. तिसरा जो गेला तो छातीत गेला. ठसका यायलासुद्धा ताकद लागते हो. माझा ठसका आतच अडकला, डोळ्यांपुढं काळं आलं. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात, तशी माझी गत.

बाया ओरडल्या तशी धम्मप्रिया साबणाच्या हातानं धावत आली. हात दोरीवरच्या लुगड्याला पुसले, मला झटक्यात कुशीवर घेतलं, तोंड खाली केलं, बोटाला कापड गुंडाळून तोंडातलं पाणी आणि लाळ काढून टाकली. काडीसारखी ती पोरगी, कुठून आणली ताकद कोण जाणे. "खोका काका, खोका, मी हाय." खोकलो. श्वास आला. आणि मग तिनं वर बघितलं. "कोणी पाजलं?"

"मी पाजलं," आक्का म्हणाली. "माझा भाऊ हाय. तू कोण गं?"

त्याच संध्याकाळी ताप चढला. परत नांदेड. सहा दिवस सुया. डॉक्टरनं सुदर्शनला छातीचा फोटो दाखवून सांगितलं, पाणी फुप्फुसात गेलंय, थोडक्यात वाचले, परत असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. सुदर्शनला सगळं कळलं. पण घरी आलो तर आक्का तिथंच ठाण मांडून बसलेली, आणि गावात तिची कथा आमच्या आधी पोचलेली: त्या पोरीनं भावाला पाण्यावाचून वाळवला, म्हणून ताप चढला. वर आणखी, "नाव ऐकलं तेव्हाच मी वळखलं कुठली हाय ती. असल्यांच्या हातात माझा भाऊ दिलात?" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. शेवटी तिनं पोराला निक्षून सांगितलं, "ती राहील, न्हाईतर मी."

माझं पोरगं वाघासारखं आहे, पण आत्यापुढं शेळी. आई गेल्यावर तिनंच सहा महिने येऊन घर सावरलं होतं. ओसरीवर दुपारी त्यानं खाली मान घालून धम्मप्रियाला सांगितलं, "उद्यापासून येऊ नको. राग मानू नको."

मी आतून ऐकलं. तुम्हाला सांगतो, लकवा मारला तेव्हा भ्यालो नाही तेवढा तेव्हा भ्यालो. ती जाणार आणि तांब्या-चमचा राहणार. आक्का मला मायेनं मारणार, आणि मला तोंड उघडून "नको" म्हणता येत नाही. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कडू झालं मन सगळं.

धम्मप्रिया आत आली. भांडली नाही. साबणानं हात धुतले, तेवढाच वेळ लावून. "काका, तुमची कूस बदलते हं, दोन वाजले." बदलली. मग दाराकडं वळून म्हणाली, "दादा, मी जाते. पण पेशंटला कोणी इचारलं का?"

सुदर्शन म्हणाला, "त्यांना कुठं बोलता येतंय?"

"बोलून राहिलेत की, दीड महिन्यापासून. हात धरा. एकदा दाबलं तर हाव, दोनदा दाबलं तर न्हाई."

पोरानं माझा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायचा तसा घट्ट धरला. आक्का उंबऱ्यावर उभी. सुदर्शननं विचारलं, "बाबा, हिला ठिवू?" मी असा दाबला की पोरगं "आयला!" म्हणून ओरडलं. एकदाच दाबला. मग त्याचा आवाज बदलला. "बाबा, आत्यानं पाणी पाजलं, ते पाहिजे होतं का तुम्हाला?" मी आक्काकडं बघत दाबला. एकदा. आणि परत एकदा.

आक्का मटकन खाली बसली. कपाळावर हात मारून घेतला. "मला वाटलं तहानला असशील रे. आई जाताना मी शिरूरला, गाडी भेटली न्हाई, तिच्या तोंडात पाणी घालायला मी पोचले न्हाई. तुझ्या येळी तरी..." मला माहीतच नव्हतं. चाळीस वर्षं ही बाई तो चमचा घेऊन फिरत होती, आणि मला कळलं नाही.

आता आपला राग काढायला धम्मप्रियाला चांगला मोका होता. मी असतो तर काढला असता, सोडलं नसतं! ती आक्काजवळ गेली आणि म्हणाली, "आत्याबाई, पाणी पाजता येत न्हाई, पण ओठाला लावता येतं. चला, शिकवते. आधी हात धुवा."

आक्का उठली. "धुतलेलेच हायत."

"हे धुणं न्हाई. बोटांच्या मधून. अंगठा. नखं. बांगड्या वर सारा."

शिरूर अनंतपाळची पाटलीण, सत्तर वर्षांची, भोकरच्या पोरीपुढं शाळेतल्या पोरीसारखे हात धूत होती. मला हसू आलं, अर्ध्या तोंडानं. मग माझं डोकं उंच करून, मान जराशी कलती करून, धम्मप्रियानं तिला दाखवलं: बोटाला पट्टी गुंडाळायची, पाण्यात बुडवून पार पिळायची, थेंब गळता कामा नये, मग ओठ, हिरड्या, गालाच्या आतली बाजू. आक्काच्या बोटाचं गार पाणी ओठाला लागलं. दोघंही रडलो. काय खोटं सांगायचं?

आक्का राहिली. नळी निघेपर्यंत राहिली. रोज दिवसातून चार वेळा माझं तोंड ओलं करायचं काम तिचं, कोणाला हात लावू द्यायची नाही. भेटायला येणाऱ्यांना दारातच अडवायची. "पाणी-बिणी काय न्हाई. बसा, बोला, जा. आन् आधी हात धुवा!" तिच्यापुढं बोलायची कोणाची हिंमत? नांदेडच्या गिळायला शिकवणाऱ्या बाईनं व्यायाम दिले होते, ते धम्मप्रिया करून घ्यायची. हनुवटी छातीला लावायची, गिळायचं, परत रिकामं गिळायचं, मग "आ" म्हणायचं. आवाज ओला, घशात काही राहिल्यासारखा आला तर थांबायचं. नाचणीची घट्ट खीर, अर्धा चमचा. त्या अर्ध्या चमच्याला जी चव होती, ती माझ्या लग्नातल्या जेवणाला नव्हती. मग पातळ खीर. हळूहळू एखादा शब्द यायला लागला. "हाव" आला आधी, मग "न्हाई", मग एक शिवी आली, तेव्हा तर घरात पेढे वाटले.

पाचव्या महिन्यात नांदेडला तपासणी झाली. नळी काढली. डॉक्टर म्हणाले, पाणी चालेल, बसून, घोट घोट.

घरी आलो तर ओसरीवर हीऽ गर्दी. पहिलं पाणी कोणाच्या हातचं, यावरून आत कुजबुज. मोठी बहीण म्हणून आक्काचा मान, पोरगा म्हणून सुदर्शनचा. धम्मप्रियानं मला खुर्चीत ताठ बसवलं, पाय जमिनीला टेकवले, माठातलं पाणी अर्धा गिलास घेतलं आणि माझ्या डाव्या हातात दिलं. आपले दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली. "कोणाच्याच हातचं न्हाई. काका, तुमच्या हातचं."

हनुवटी खाली. एक घोट. गेला खाली! परत एक. "आ," म्हणालो मी. कोरडा, खणखणीत. सुदर्शन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आक्का म्हणाली, "प्यालं गं बाई, प्यालं माझं लेकरू!" लेकरू अडुसष्ट वर्षांचं. माझ्या छातीवरचा दगड उतरला, असं मोकळं मला जन्मात वाटलं नव्हतं.

गिलासात दोन घोट उरले होते. तो कान तुटलेला कप मला आठवला. पाच महिने ही पोरगी आमच्या घरात आपल्या बाटलीतलं पाणी पीत होती. सगळ्या भावकीदेखत मी तो गिलास तिच्यापुढं केला. "घे," म्हणालो. मला वाटलं, मी मोठा डोंगर उचलला.

तिनं गिलासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि हसली. "काका, उष्टं चालत नसतं. कोणाचंच. पाच महिने मी काय शिकवलं तुम्हाला?"

सगळे हसले. मी पण. पण माझा हात तसाच पुढं राहिला, कारण मागं घ्यायचा जीव होईना. तेव्हा आक्का उठली. मोरीवर गेली, बांगड्या वर सारल्या, साबण घेतला. बोटांच्या मधून. अंगठा. नखं. मग फळीवरचा घरातला पितळी गिलास काढला, घासला, माठातून भरला आणि दोन्ही हातांनी धम्मप्रियापुढं धरला.

"आता तरी पी," म्हणाली. "हात धुतलेत."

धम्मप्रिया प्यायली, सगळा गिलास, एका दमात. संध्याकाळी ती घरी गेल्यावर आक्कानं गोठ्यातला तो कप आणून माझ्यापुढं ठेवला. मी डाव्या हातानं उचलला आणि सोडून दिला. फरशीवर पडला. आरतीनं खराटा आणला आणि तुकडे गोळा केले.